चौघांत वाचायची ‘बनगरवाडी’

‘बनगरवाडी’ ही व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली. धनगरांची एक लहानशी वाडी, तिथल्या बंद पडलेल्या शाळेवर नेमणूक होऊन आलेला मिसरूड न फुटलेला मास्तर, वाडीचा म्हातारा कारभारी, त्याची मुलगी अंजी, आनंदा रामोशी, दादू बालट्या अशी मोजकी माणसे, आणि शेवटी पडलेला दुष्काळ. एवढ्यावर कादंबरी उभी आहे. खलनायक नाही, प्रेमकथा म्हणावी अशी प्रेमकथा नाही, रहस्य तर नाहीच. पाने दीडशेच्या आतबाहेर. मित्रमंडळींनी मिळून एखादे पुस्तक वाचायचे आणि मग त्यावर बोलायला बसायचे असे ठरले, तर हे पुस्तक त्या कामाला फार सोयीचे आहे. महिन्याभरात सगळ्यांचे वाचून होते आणि ‘पुढे काय झाले’ हे सांगण्यात बैठक संपून जात नाही. जे बोलायचे ते माणसांबद्दलच बोलावे लागते.

माणदेशात मात्र या कादंबरीचे वाचन एवढे सरळ राहत नाही. पुण्यात किंवा डोंबिवलीत ती साहित्य म्हणून वाचली जाते. म्हसवड, दहिवडी, आटपाडी, खरसुंडी या टापूत ती आधी साक्ष म्हणून वाचली जाते आणि मग साहित्य म्हणून. वाचणारा पहिल्या दहा पानांतच तिची उलटतपासणी घ्यायला लागतो. ही वाट खरोखर असल्या माळावरून जाते का? त्या दिवसांत अमुक पीक उभे असते का? धनगर असे बोलतो का? ही उलटतपासणी टाळता येत नाही आणि टाळूही नये. ती उरकल्याशिवाय खरी चर्चा सुरूच होत नाही.

माणदेश हा कोणत्याही एका जिल्ह्याच्या हद्दीत बसत नाही. माण नदीच्या, म्हणजे लोकांच्या तोंडच्या माणगंगेच्या, खोऱ्यातला हा अवर्षणाचा पट्टा. साताऱ्याचा माण तालुका, सांगलीचा आटपाडी, सोलापूरचा सांगोला आणि आजूबाजूचा काही मुलूख मिळून तो होतो. नदी पुढे भीमेला मिळते. पावसाळ्यात येणारे ढग सह्याद्रीवरच मोकळे होतात. महाबळेश्वरला जिथे हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरचीही खात्री नसते. म्हसवड हे या पट्ट्यातले बाजाराचे आणि देवाचे गाव. सिद्धनाथ आणि जोगेश्वरी ही इथली दैवते. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ निघतो तेव्हा आसपासच्या वाड्यावस्त्या गावात लोटतात. ढोलांच्या तालावर धनगरांचे गजी नृत्य या भागात अजून टिकून आहे. मेंढरांच्या लोकरीची घोंगडी हे म्हसवडचे जुने नाव. ‘बनगरवाडी’तली माणसे बाजाराला किंवा जत्रेला जातील तर असल्याच गावाला.

एकत्र वाचण्याची रीत या खोऱ्याला नवीन नाही. श्रावणात किंवा चातुर्मासात देवळात पोथी लागते. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात आणि मध्येच अडवतात. ज्या पोथ्या महाराष्ट्रात घरोघर वाचल्या गेल्या त्यांतल्या ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ आणि ‘शिवलीलामृत’ या श्रीधरस्वामींच्या. हे श्रीधर नाझऱ्याचे, म्हणजे आजच्या सांगोला तालुक्यातले, याच माणगंगेच्या खोऱ्यातले. ‘हरिविजय’ १७०२ सालचा, ‘पांडवप्रताप’ १७१२ सालचा. अक्षर न येणाऱ्यालाही कथेवर मत असते आणि ते त्याने बोलून दाखवायचे असते, हा धडा या पोथ्यांनी अडीच-तीनशे वर्षे गिरवून घेतला. कर्णाचे चुकले की कुंतीचे, यावर देवळाच्या ओट्यावर झालेला वाद हा आजच्या पुस्तकचर्चेचा सख्खा पूर्वज आहे. वाचनमंडळ ही शहरातून आलेली टूम आहे असे समजणाऱ्यांनी पोथीच्या मागे बसलेल्या त्या म्हाताऱ्यांची आठवण ठेवलेली बरी.

आजची तऱ्हा थोडी निराळी. ‘वाचनकट्टा’ किंवा ‘पुस्तक भिशी’ या नावाने आठ-दहा जण जमतात. भिशीत जसे दरमहा एकाच्या नावाची चिठ्ठी निघते तशी इथे पुस्तक निवडण्याची पाळी फिरते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित वाचनालये उभी राहिली. त्यांच्या कपाटात माडगूळकर असतातच, पण सहसा एकच प्रत. मग एक प्रत हातोहात फिरते, कोणी स्वतःची विकत घेतो, आणि उरलेल्यांसाठी एखादे प्रकरण मोठ्याने वाचले जाते. साताऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारला २०१७ साली पुस्तकांचे गाव वसवले गेले. तिथे घराघरांत पुस्तके मांडली आहेत. पाऊस आणि पर्यटक या दोन्ही गोष्टी पश्चिमेला मुबलक. पूर्वेला एक प्रत आणि आठ वाचणारे.

उलटतपासणीतला पहिला मुद्दा असतो तो वाडीच्या ठावठिकाण्याचा. बनगरवाडी नावाचे गाव माण तालुक्यात खरोखर आहे. पण कादंबरीचा संबंध जोडला जातो तो आटपाडी तालुक्यातल्या लेंगरेवाडीशी. माडगूळकर मूळचे त्याच तालुक्यातल्या माडगूळ्याचे. जन्म १९२७. शाळेचे शिक्षण पुरे होण्याआधीच, अगदी पोरवयात, त्यांनी निंबवड्याला मास्तरकी केली. पुढे १९४२ च्या चळवळीत घर सुटले. तेव्हा कादंबरीतला राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा मास्तर आणि लेखक यांच्यात अंतर किती, हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर शोधण्यात मंडळाने फार वेळ घालवू नये. ‘माणदेशी माणसं’ या १९४९ च्या संग्रहात त्यांनी ओळखीची माणसे व्यक्तिचित्रांतून उभी केली होती. ‘बनगरवाडी’त त्याच मातीची माणसे आहेत, पण इथे ती एकमेकांना धरून उभी आहेत. एकाला काही झाले की दुसऱ्याच्या घरात त्याचा धक्का बसतो. व्यक्तिचित्रे आणि कादंबरी यांत फरक काय, असा प्रश्न एखाद्या होतकरू वाचकाने विचारला तर ही दोन पुस्तके शेजारी ठेवावीत. वेगळ्या व्याख्येची गरज पडत नाही.

दुसरा मुद्दा राज्याचा. माण तालुका इंग्रजी अमलाखालच्या सातारा जिल्ह्यात होता, तर आटपाडी औंध संस्थानात. दोन्हीकडचा दुष्काळ सारखा, पण सरकारे दोन. म्हसवडच्या वाचकाला कादंबरीत पुढे वाडीला येणारे ‘राजे’ परके वाटतात ते यामुळे. त्याच्या आज्याने कलेक्टर पाहिला होता, राजा नव्हे. औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे अजब संस्थानिक होते. स्वतः चित्रे काढणारे, कीर्तन करणारे आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे होते. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवणारी घटना दिली. मॉरिस फ्रिडमन आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत या उद्योगात आघाडीवर होते. आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची बिनभिंतीची वसाहत याच काळातली. पुढे तिच्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांतारामांचा १९५७ चा चित्रपट झाला, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे व्यंकटेशांचे थोरले बंधू. हे सगळे माहीत असले की कादंबरीतली शाळा आणि पुढे येणारी तालीम ही मास्तराच्या डोक्यातली निव्वळ लहर वाटत नाही. त्या संस्थानात शिक्षण आणि व्यायाम ही दरबारी हौस होती. खालच्या टोकाचा एक पोरगेला मास्तर ती आपल्या बेताने पार पाडत होता.

संस्थान १९४८ साली विलीन झाले. आटपाडी आधी सातारा जिल्ह्यात आली, १९४९ साली दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला त्यात गेली, आणि १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. माणसे जागच्या जागी राहून बारा वर्षांत सरकारदरबारी चार पत्ते झाले.

मग येतो मास्तर. त्याच्याबद्दल मंडळात हमखास दोन तट पडतात. शिक्षकी पेशातले लोक त्याच्या बाजूने उभे राहतात. मुले मेंढरांमागे रानात, आईबापांना शाळेचे काही पडलेले नाही, आणि तरी हा पोरगा चिकाटीने पट भरतो. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की वाडीने मास्तराला सांभाळले, मास्तराने वाडीला नव्हे. त्याच्या जेवणापासून अब्रूपर्यंत सगळे वाडीच्या हातात होते. दोन्ही म्हणणी पुस्तकात आहेत. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. मास्तर शिकवतो थोडे आणि लिहितो जास्त. वाडीची पत्रे, अर्ज, हिशेब, तंट्याची मिटवामिटवी हे सगळे त्याच्याकडे येते, कारण अक्षर येणारा तो एकटा. निरक्षर वस्तीत एका साक्षर माणसाच्या हाती केवढी सत्ता येते आणि तो ती न मागता कसा तिच्यात अडकतो, हे माडगूळकरांनी आवाज न चढवता दाखवले आहे. कादंबरीचा हा भाग शाळेतल्या धड्यातून हरवतो. तिथे फक्त ध्येयवादी गुरुजी उरतात.

म्हसवडात या मुद्द्याला आणखी एक पदर आहे. इथल्या बायकांनी चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. कारण प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींचे सहीच्या जागी अंगठे होते. त्या बायका काही महिने अक्षरे गिरवायला बसल्या, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या, आणि म्हणाल्या की लिहिता येत नसले तरी व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या माणसांनाही काढायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ‘बनगरवाडी’त मास्तराकडे कागद घेऊन येणारी माणसे मूर्ख नाहीत. त्यांना मेंढराच्या चालीवरून त्याचे दुखणे कळते, आभाळावरून वेळ कळते. अक्षर नसणे आणि अक्कल नसणे यांत फरक आहे हे इथल्या वाचकाला पटवून द्यावे लागत नाही. ते त्याने आपल्या आजीत पाहिलेले असते. माण तालुक्याला आज ‘अधिकाऱ्यांचा तालुका’ म्हणतात, कारण कोरडवाहू रानात जे पिकले नाही ते स्पर्धा परीक्षेत पिकले. त्या पिढ्यांना शिकवले ते असल्याच एकशिक्षकी शाळांनी.

कारभारी हा मंडळातला सर्वांचा आवडता. तो म्हातारा मास्तराला हाताशी धरतो, पोरे गोळा करून देतो, वाडीचा शब्द राखतो. आणि तोच, अंजीच्या चोळीचे निमित्त होताच, मास्तरावर रुसून बसतो. अंजीने मास्तराकडून चोळी करवून घ्यावी, यात तिच्या लेखी काही वावगे नाही. वाडीच्या लेखी मात्र ती गावगप्पांची बेगमी. हे प्रकरण वाचून झाले की पुरुष वाचक कारभाऱ्याच्या अब्रूबद्दल बोलतात, आणि बायका असतील तर त्या विचारतात की अंजीचे काय. हा प्रश्न रास्त आहे. कादंबरी मास्तराच्या तोंडून सांगितलेली असल्यामुळे अंजी आपल्याला तो जेवढी पाहतो तेवढीच दिसते. बहुतेक वेळा दुरून, घाईत, आणि थोडे बिचकत. माडगूळकरांना तिचे मन लिहिता आले नाही की त्या वयाच्या मास्तराला ते दिसणारच नव्हते? हा वाद एका बैठकीत मिटत नाही. पुस्तकात आणखी एक बाई आहे. जोडीचा बैल नसलेल्या शेकूची ती बायको, जी स्वतः जुवाला खांदा लावते. तिला बोलायला फार वाक्ये नाहीत. पण माणदेशातल्या वाचकांना पुस्तक मिटल्यावर कोणते दृश्य उरले म्हणून विचारावे, तर हे आल्याशिवाय राहत नाही.

आनंदा रामोशी वाडीच्या न्यायाला न जुमानणारा. लागेल ते उचलतो आणि ते लपवण्याचे त्याला फारसे अगत्य नाही. त्याच्यावरून बोलणे निघाले की हसण्यावारी जाते, कारण तो आहेच तसा लाघवी. पण रामोशी ही गावाची राखण करणारी जमात. उमाजी नाईकांना इंग्रजांनी १८३२ साली फाशी दिले ते याच जमातीतले. राखणदाराचे वतन गेले आणि चोरीचा शिक्का तेवढा राहिला. हा इतिहास कादंबरीत कुठे सांगितलेला नाही. माडगूळकर तो सांगत बसत नाहीत, आनंदाला त्याच्या तोऱ्यात उभा करतात आणि बाजूला होतात. हे त्यांचे बळ आहे, आणि आजच्या काही वाचकांना हीच त्यांची मर्यादा वाटते. दोन्ही बाजूंना पुरावा हवा असेल तर शेजारच्याच गावातले दुसरे पुस्तक काढावे. आटपाडीचे शंकरराव खरात १९२१ साली जन्मले. त्यांच्या घरी तराळकी, म्हणजे महारांकडे असलेले गावचे वतनी काम, होती. त्यांचे आत्मकथन ‘तराळ-अंतराळ’ १९८१ साली आले. ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. त्याच्या आदल्याच वर्षी अंबाजोगाईच्या संमेलनाचे अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. लागोपाठच्या दोन वर्षी एकाच दुष्काळी तालुक्यातले दोन लेखक संमेलनाच्या खुर्चीत बसले. एकाने वाडी पाहिली ती शाळेच्या ओट्यावरून, दुसऱ्याने गाव पाहिले ते वेशीबाहेरून. ‘बनगरवाडी’च्या मागोमाग ‘तराळ-अंतराळ’ घेतले नाही तर माणदेशातल्या मंडळाचे वाचन अर्धेच राहिले म्हणायचे.

तालमीचे प्रकरण हा कादंबरीचा सर्वांत उजळ भाग. मास्तराच्या डोक्यात येते की वाडीत तालीम असावी. पैसा नाही. मग माणसे श्रमाने ती उभी करतात. दगड, माती, लाकूड, सगळे आपापल्या खांद्यावरून. आणि उद्घाटनाला राजे येतात. एवढ्या दिवसांत वाडीतले हेवेदावे मागे पडतात. पुस्तक नुसते वाचणाऱ्याला हे जरासे स्वप्नाळू वाटते. माण तालुक्यात तसे वाटत नाही. २०१७ पासून पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत या तालुक्यातली गावे उतरली. उन्हाळ्यात पहाटे, नाहीतर रात्री, माणसे टिकाव-फावडे घेऊन माळावर चर खणत होती. २०१८ साली या स्पर्धेत राज्यात पहिले आले ते माण तालुक्यातले टाकेवाडी. ज्याने ते चर खणले आहेत त्याला तालमीचे प्रकरण मास्तराच्या बाजूने नव्हे, दगड उचलणाऱ्याच्या बाजूने वाचता येते. तो मधल्या अडचणी नेमक्या ओळखतो. पहिल्या दिवशी गर्दी, आठव्या दिवशी तीच चार माणसे, मग कोणाच्या तरी बोचऱ्या शब्दाने पुन्हा सगळे. आणि तो हेही विचारतो की तालीम बांधायच्या ऐवजी त्यांनी विहीर का नाही खणली. कादंबरीवर घेतलेल्या आक्षेपांत हा सर्वांत माणदेशी आक्षेप आहे. त्याला उत्तरही आहे. मास्तर औंधच्या राज्यातला आहे, आणि राजा नमस्कार घालणारा आहे.

आणि मग पाऊस येत नाही. इथून पुढची पाने मंडळात मोठ्याने वाचली जातात तेव्हा खोलीतला आवाज बदलतो. मेंढरांना चारा नाही, मग पाणी नाही, मग मेंढरे नाहीत. एकेक घर उठते. कारभारी मरतो. शेवटी शाळेत मुले उरत नाहीत आणि मास्तरालाही निघावे लागते. माडगूळकरांनी दुष्काळ लिहिताना आकांत केला नाही. गाव रिकामे होण्याची रीत लिहिली. आधी कोण जातो, मग कोण, मागे कोण राहतो.

या भागाला दुष्काळाची शिरगणती पाठ आहे. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ, ज्यात दुष्काळी काम म्हणून राजेवाडीचा तलाव हाती घेतला गेला. सरकारी कागदांत त्याचे नाव म्हसवड तलाव. मग १९७२ चा. खडी फोडायला गेलेली आणि सुकडी खाल्लेली माणसे अजून बोलायला आहेत. मग २०१२-१३ आणि २०१९ चा, ज्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चारा छावणी चालवली. छावणीत माणसे जनावरांबरोबर महिनोन्‌महिने राहिली. बैलगाडीखाली संसार, गव्हाणीशेजारी चूल, आणि शेजारच्या दावणीला दुसऱ्या गावचे कुटुंब. ‘बनगरवाडी’ आणि छावणी यांत पाऊणशे वर्षांचे अंतर. वाडीच्या काळात दुष्काळ पडला की गाव विस्कटत होते. छावणीत गावे एका ठिकाणी येऊन बसली. हा फरक साधा नाही. चारा, टँकर, बँक, रस्ता या सगळ्यांचा तो परिणाम आहे. पण छावणी असते ती गाई-बैलांसाठी हा सर्वसाधारण शिरस्ता. मेंढराचे काय, हा धनगराचा प्रश्न मागेच राहत आला. म्हणजे ज्या जनावरावर कादंबरी उभी आहे त्याचीच सोय सगळ्यांत शेवटी. मेंढपाळाने स्वतःची सोय चालण्यातच पाहिली आहे. दिवाळीच्या सुमारास वाडे पश्चिमेकडे सरकतात. घोड्यांवर संसार, मागे मेंढरांची खांडे, आणि पावसाच्या तोंडावर परत.

इथे एक शब्दाचा मुद्दा निघतो. धनगरांच्या बोलीत ‘वाडा’ म्हणजे इमारत नव्हे, तर चालता मुक्काम. माणसे, मेंढरे, कुत्री, घोडी, वाघरीचे कुंपण, सगळे मिळून वाडा. मेंढरांनाही ते ‘बकरी’च म्हणतात. जर्मन अभ्यासक ग्युंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा या देवांचा अभ्यास केला तो असल्या वाड्यांबरोबर हिंडून, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून. त्या ओव्यांत धनगर स्वतःबद्दल स्वतः बोलतो. ‘बनगरवाडी’त त्याच्याबद्दल मास्तर बोलतो, मोठ्या मायेने, पण मास्तरच. संवादांत माणदेशी बोली आहे आणि निवेदनात प्रमाण मराठी. हे दोन आवाज लेखकाने जाणून वेगळे ठेवले आहेत. मोठ्याने वाचणारा माणूस गावचा असेल तर संवाद जिवंत होतात आणि निवेदन थोडे अवघडते. शहरचा असेल तर नेमके उलटे.

राम देशमुखांनी १९५८ साली केलेल्या इंग्रजी भाषांतराचे नाव ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ असे आहे, म्हणजे बिनभिंतीचे गाव. वाडीला गावकूस नसते, म्हणून शब्दशः ते बरोबर. कोणाचे काही कोणापासून लपत नाही, म्हणूनही बरोबर. मूळ नावात मात्र फक्त एका आडनावाची वस्ती आहे. बनगर आहेत तोवर बनगरवाडी. अमोल पालेकरांनी १९९५ साली चित्रपट केला. त्याला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट पाहून झालेली चर्चा पुस्तकाच्या चर्चेपेक्षा लवकर संपते, कारण चेहरे ठरून जातात. कारभारी कसा दिसत असेल यावर मग कोणी भांडत नाही. म्हणून मंडळाने चित्रपट पाहायचा तर पुस्तकाच्या नंतर.

शेवटच्या बैठकीत एक प्रश्न राहतोच. वाडीतली माणसे परत आली का? कादंबरी मास्तराबरोबर वाडीबाहेर पडते आणि तिथेच थांबते. शहरातला वाचक बहुधा धरून चालतो की ती संपली. म्हसवडचा वाचक तसे धरत नाही. त्याच्या ओळखीत कोणी सोन्याचांदीच्या गलाईसाठी दूरच्या परमुलखात दुकान थाटून बसलेला असतो, कोणी मुंबईत माथाडी, कोणी कऱ्हाडच्या बाजूला मेंढरे बसवायला गेलेला. यांतले बहुतेक सिद्धनाथाच्या रथाला हजर असतात. आटपाडीच्या माळावर आता टेंभू योजनेचे पाणी आले आहे आणि जिथे हुलगे-मटकी निघत होती तिथे डाळिंबाच्या बागा आहेत. मास्तर मात्र गेला तो गेला. वाडी परत वसली असेल तर तिच्या शाळेवर दुसरा कोणी आला असणार, आणि त्याने मुलांचा पट नव्याने भरला असणार.